तंबाखूची जाहिरात, कायदा आणि ‘आयुर्वेदीय’ हे नाव

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, मात्राशितीय अध्यायात, प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूमपानाचे विधान आले आहे, हे वैद्यवर्गास सुविदित आहे. त्या धूमवर्तींत तंबाखूचा लवलेशही नाही. असणे शक्यही नव्हते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील, पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे आपल्याकडे आलेली. तरीही तंबाखूच्या विक्रीसाठी आयुर्वेदाचे नाव वापरले गेले. जाहिरातबंदीच्या कायद्यांचा विचार आम्ही येथे त्याच अंगाने करीत आहोत.

ठळक उदाहरण दंतमंजनाचे. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यावर बाजारात येत असत. केंद्र शासनाने 1992 मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 अन्वये त्यांचे उत्पादन व विक्री निषिद्ध केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1997 मध्ये न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मौजेची गोष्ट अशी की, सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीच्या 2003 च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीतील दहावी व शेवटची नोंद ‘तंबाखूयुक्त दंतमंजन’ हीच आहे.

या अधिनियमाच्या कलम 5 ने तंबाखूची प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरात वर्ज्य केली. ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे: सूचना, परिपत्रक, वेष्टन, तोंडी घोषणा, एवढेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी, धूर वा वायू यांद्वारे केलेले प्रदर्शनही तीत येते. कलम 6 ने अठरा वर्षांखालील व्यक्तीस आणि शिक्षणसंस्थेच्या 100 यार्डांच्या आत विक्री करण्यास मनाई केली. मात्र दुकानाच्या प्रवेशद्वारी व आतील जाहिरातीस सवलत राहिली. शिवाय अनुसूचीत जे नाव नाही ते मोकळे. तंबाखूविरहित पानमसाला वा वेलची त्याच नावाने, त्याच रंगसंगतीने पडद्यावर झळकते आणि पाहणाऱ्यास जे समजायचे ते समजते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा मसाला व तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या निघाल्या. मिश्रण ग्राहकाच्या तळहातावर होऊ लागले.

ई-सिगारेटविषयी 2019 चा कायदा अधिक कठोर आहे. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात असे सर्वच त्याने निषिद्ध केले. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. व्यसनी वर्ग मोठा होण्याआधीच केलेली ही तरतूद आम्हांस शहाणपणाची वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 2024 पासून अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात संगमनेर व नगर शहर ही विडीउद्योगाची जुनी केंद्रे. विड्या वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच. त्याखेरीज खेड्यापाड्यांत मशेरी आहे. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून घरीच कुटलेली ही पूड. तिला वेष्टन नाही, दुकान नाही, जाहिरातही नाही. सासूकडून सुनेकडे ती जाते. जाहिरातबंदीचा कोणताही कायदा तिथवर पोहोचत नाही.

पुष्कळ रुग्णा ‘तंबाखू खात नाही’ असे निःशंकपणे सांगतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी दंतमंजनच असते. म्हणून रुग्णपरीक्षेत, विशेषतः गर्भिणीच्या, ‘व्यसन आहे का?’ याऐवजी ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे आणि उत्तर टिपून ठेवावे. पर्याय सांगताना चरकोक्त करंज, अर्क, अर्जुन आदी दंतधावनांपैकी करंजाची काडी आपल्याकडे सहज मिळते. कषाय, कटु, तिक्त रसाची इतर स्थानिक काष्ठेही, जसे बाभूळ वा कडुनिंब, चालतील. तयार मंजन सुचवायचे झाल्यास त्यावरील घटकद्रव्यांची यादी आधी स्वतः वाचावी.