थायरॉइडची गोळी आणि रक्त तपासणीची वेळ



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खोडवा याबद्दल लिहितो. यावेळचा विषय घरातला आहे. मी डॉक्टर नव्हे, पण चूक माझीच होती म्हणून सांगतो.

आमच्या थोरल्या वहिनी निफाड तालुक्यात असतात. थायरॉइड ग्रंथी मंदावली म्हणून गोळी घेतात. आपल्याकडे डॉक्टर बहुतेक लेव्होथायरॉक्सिन देतात, त्यात टी-४ हे एकच संप्रेरक असते. पण वहिनी पुतणीकडे अमेरिकेत राहिल्या तेव्हा तिथे त्यांना 'नैसर्गिक' गोळी सुरू झाली. ती डुकराच्या थायरॉइड ग्रंथी वाळवून, दळून करतात. ६० मिलिग्रॅमच्या गोळीत टी-४ सुमारे ३८ आणि टी-३ सुमारे ९ मायक्रोग्रॅम असते. टी-४ म्हणजे शेणखत, सावकाश लागू होणारे. टी-३ म्हणजे युरिया, लगेच चढतो नि लगेच उतरतो.

घोटाळा इथेच झाला. वहिनींनी पहाटे सहाला गोळी घेतली, एसटीने नाशिक गाठले आणि साडेनऊला रक्त दिले. टी-३ मर्यादेबाहेर! मी शहाणपणाने म्हणालो, "डोस जास्त होतोय, निम्मी गोळी घ्या." डॉक्टरांना कोणी विचारलेच नाही. दोन महिन्यांत वहिनींचा चेहरा सुजला, उन्हात थंडी वाजू लागली, ऐन तोडणीत अंथरूण धरले. डॉक्टरांनी जुना कागद पाहून एवढेच विचारले, "त्या दिवशी गोळी किती वाजता घेतली होती?"

खत टाकल्या टाकल्या मातीचा नमुना घेऊ नका, हे मी शिवारात सांगून थकलो, आणि घरात विसरलो! गोळीनंतर दोन ते चार तास टी-३ शिगेला असते. म्हणून रक्त सकाळी गोळीआधी द्यावे, गोळी नंतर घ्यावी. दरवेळी वेळ तीच ठेवावी, म्हणजे दोन कागद ताडून बघता येतात.

टीएसएच वाढले की काहींना वाटते थायरॉइड वाढला. उलटे आहे. गव्हाणीत ऊस कमी पडला की कारखाना तोडणीच्या चिठ्ठ्या जास्त सोडतो ना, तसे टीएसएच ही मेंदूतल्या पिट्युटरीची चिठ्ठी. संप्रेरक कमी, तर चिठ्ठ्या जास्त. ती फारच उतरली तर गोळी जास्त होते आहे. छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात, उतारवयात हृदयाचे ठोके बिघडतात.

नैसर्गिक गोळीवर टी-४ थोडे कमी दिसू शकते, कारण टी-३ वेगळे मिळतेच. तेवढा एक आकडा पाहून डोस वाढवू नये. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात, आधी तपासून पैसे वाया. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगावे, त्याने आकडे चुकतात. सुनेला दिवस गेले असतील तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. गर्भाला आईचे टी-४ लागते, तेव्हा डॉक्टर ही गोळी बदलून देतात.

वहिनी आता गोळी पिशवीत घेऊन जातात. रक्त दिले की पाण्याबरोबर गोळी, मग तासभर चहाला हात नाही. तोच तास त्यांना फार जड जातो.

— ऊस विकास अधिकारी