जाळीचा झगा

'टूटू' हा शब्द ऐकला की एखादं लहान मूल बोबडं बोलतंय असं वाटतं. आहेही तसंच. फ्रेंच लोक लहान मुलाच्या ढुंगणाला लाडानं जो शब्द वापरतात, त्याचंच हे बोबडं रूप, असं बहुतेक कोशकार मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो पॅरिसमध्ये रूढ झाला. बॅले नाचणाऱ्या मुलींचा तो पांढरा, जाळीचा, फुललेला झगा मात्र नावापेक्षा पन्नास वर्षांनी थोरला. मी कवी आहे, नृत्याचा जाणकार नाही. पण एवढ्या नाजूक वस्तूला एवढं खट्याळ नाव मिळालं, याचंच कुतूहल वाटलं आणि मी तिच्या मागे लागलो.

अठराव्या शतकात पॅरिसच्या रंगमंचावर बायका दरबारी पोशाखातच नाचत. घेर मोठा, जरीकाम जड, पाय दिसायचे नाहीत. मारी कामार्गो नावाच्या नर्तिकेनं आपलं पदकाम लोकांना दिसावं म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला, आणि त्याचा गवगवा झाला. खरी उलथापालथ झाली ती १२ मार्च १८३२ रोजी. त्या दिवशी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले झाला. वाऱ्यातून आलेली एक परी एका स्कॉटिश तरुणाला त्याच्या लग्नाच्या दिवशीच नादावते, अशी गोष्ट. परी झाली होती मारी टॅग्लिओनी. नृत्य तिच्या वडिलांनी बसवलं होतं. पोशाखाचं श्रेय युजेन लामी या चित्रकाराला देतात. वर अंगाला घट्ट बसणारी चोळी, खाली पोटरीपर्यंत येणारा, घंटेसारखा फुललेला पांढरा घेर. त्यासाठी टार्लटन वापरत, म्हणजे खळ दिलेली विरळ मलमल. मागून जाळीचं कापडही आलं. ते यंत्रावर विणायची युक्ती जॉन हीथकोट या इंग्रजानं १८०८-०९च्या सुमारास शोधली होती. त्याचा कारखाना १८१६ साली चिडलेल्या कारागिरांनी फोडला, हेही सांगायला हवं. ही जाळी जगात आली तीच कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन.

टॅग्लिओनी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहायची. तिच्या आधीही कुणी कुणी उभं राहत असे, पण ती कसरत वाटे. टॅग्लिओनी उभी राहिली की तिला वजनच नाही असं वाटे. ऑपेरात दहा वर्षांपूर्वीच गॅसचे दिवे आले होते. तो उजेड पांढऱ्या घेरातून झिरपला की चांदणं पडल्याचा भास होई. बाहेर पॅरिसच्या बायका तिच्यासारखा वेष करू लागल्या. काही वर्षांतच 'ला सिल्फीद' याच नावाचं फॅशनचं नियतकालिक निघालं. रंगमंचावरून रस्त्यावर असा हा पहिला प्रवास.

पण मंडळी, गॅसची उघडी ज्योत आणि खळ दिलेलं विरळ कापड शेजारी शेजारी ठेवल्यावर काय होणार? लंडनमध्ये १८४४ साली क्लारा वेबस्टर ही नर्तिका प्रयोग चालू असतानाच पेटली आणि दगावली. पॅरिसमध्ये १८५९ साली हुकूम निघाला, की रंगमंचावरचे कपडे आग न धरणाऱ्या द्रावणात बुडवून घ्यावेत. त्यात तुरटी असे. त्यानं कापड कडक व्हायचं, मळकट दिसायचं. नर्तिकांना ते नकोसं होई.

एमा लिव्री ही टॅग्लिओनीची लाडकी शिष्या. गुरूनं तिच्यासाठी १८६० साली 'ला पापियों', म्हणजे फुलपाखरू, हा बॅले बसवला. त्यातलं फुलपाखरू मशालीकडे झेपावतं आणि त्याचे पंख जळतात. दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर १८६२ रोजी, दुसऱ्याच एका प्रयोगाच्या तालमीत एमाच्या घेरानं विंगेतल्या गॅसदिव्याची ज्योत पकडली. तुरटीचं कापड तिनं नाकारलं होतं. ती जळत जळत रंगमंचावर धावली. आठ महिने वेदना सोसून २६ जुलै १८६३ रोजी गेली. वय वीस. तिच्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

माझ्या घरात उर्दू, लिहिणं मराठीत. उर्दूत शमा आणि परवाना, मराठीत दिवा आणि पतंग. दोन्हीकडे शेवट ठरलेला. या मरणाला वाहवा देण्याची आम्हा कवींना फार घाई. एमाची हकिगत वाचल्यापासून ती प्रतिमा माझ्या लेखणीतून सहज उतरत नाही. ती काही प्रेमात जळाली नाही. ती कामावर होती.

पुढे इटलीच्या नर्तिकांनी अवघड गिरक्या आणल्या. लांब घेर पायात यायला लागला, म्हणून तो गुडघ्याच्या वर गेला, आणि हळूहळू कमरेपासून ताटासारखा आडवा झाला. त्यात जाळीचे दहा-बारा थर असतात, वरचा लांब, खालचे आखूड होत गेलेले, आणि मधे बहुधा पोलादी तारेची कडी. तो बनवायला कितीतरी दिवस हातशिलाई करावी लागते. ठेवताना उलटा ठेवतात, नाहीतर घेर खाली पडतो. ओळीनं नाचणाऱ्या मुलींची कडी एकमेकींना घासून ताटं कलायची. मग न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कारिन्स्का या शिवणकाम करणाऱ्या बाईनं बालांशिनच्या बॅलेसाठी १९५०च्या सुमारास कडीच काढून टाकली. आखूड, मऊ थरांचा, पावडर लावायच्या फुलासारखा टूटू तिनं बेतला. या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती हीच.

टूटूच्या आत कोण होतं, हे देगा या चित्रकारानं दाखवलं. १८८१ साली त्यानं चौदा वर्षांच्या मुलीचा मेणाचा पुतळा मांडला आणि त्याला खराखुरा कापडी टूटू नेसवला. मुलीचं नाव मारी व्हान गोएथेम. आई कपडे धुणारी. ऑपेरातल्या अशा गरीब पोरींना 'छोटे उंदीर' म्हणत. लोकांना पुतळा कुरूप वाटला. पुढच्याच वर्षी मारीला ऑपेरातून काढून टाकण्यात आलं. त्या पुतळ्याच्या ब्राँझच्या प्रती आज जगभर आहेत, आणि प्रत्येक संग्रहालय आपल्या पसंतीनं टूटूची लांबी ठरवतं.

फॅशनला या झग्याची सावली पुनःपुन्हा हवीशी वाटली. १९४७ साली दिऑरनं बारीक कंबर आणि मोठा घेर परत आणला. युद्धात कापड मोजून मिळालेल्या बायका त्यावर भाळल्याही आणि संतापल्याही. १९८५ साली व्हिव्हियन वेस्टवुडनं टूटू आणि जुना कडीदार घागरा एकत्र करून आखूड 'मिनी क्रिनी' केला. १९९८च्या 'सेक्स अँड द सिटी' मालिकेच्या सुरुवातीला सारा जेसिका पार्कर जो टूटू घालून रस्त्यावर चालते, तो पाच डॉलरला, स्वस्त मालाच्या ढिगातून उचललेला होता. २०२४ साली लिलावात तोच बावन्न हजार डॉलरला गेला. आपल्याकडे लग्नाचा लेहंगा फुलावा म्हणून शिंपी खाली ताठ जाळी लावतात. तिला ते 'कॅनकॅन' म्हणतात. तेही पॅरिसच्याच एका नाचाचं नाव.

२०१८ साली सेरेना विल्यम्सनं बाळंतपणानंतर पॅरिसला अंगाला चिकटणारा काळा पोशाख घातला. बाळंतपणात तिला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला होता आणि त्या पोशाखानं रक्ताभिसरणाला मदत होई. फ्रेंच टेनिस संघटनेच्या अध्यक्षांना तो खपला नाही. त्याच वर्षी अमेरिकन ओपनला ती व्हर्जिल अॅब्लोनं आखलेल्या काळ्या टूटूत उतरली. टॅग्लिओनीचं सारं कसब ताकद लपवण्यात होतं. सेरेनाला तशी गरज नव्हती. पहिला सामना तिनं ६-४, ६-० असा जिंकला.