पाटकऱ्याचा हात आणि तांब्याचा ट्रॅक

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर १९७० साली उभ्या राहिलेल्या इटियाडोह धरणाचे पाणी ज्या कालव्यांतून धानाच्या बांध्यांकडे जाते, त्यांच्या काठी उभे राहिले म्हणजे सर्किट बोर्डावरील कोणत्या ट्रॅकची परीक्षा सिम्युलेशनने आधीच घ्यावी, हा अभियंत्यांचा जुना वाद मला पाठ्यपुस्तकापेक्षा सुबोध वाटू लागतो.

मीटरभर खोल, संथ पाण्यावरील लाट सेकंदाला सुमारे तीन मीटर धावते. किलोमीटरभर जाण्यास तिला पाच मिनिटांहून थोडा अधिक अवधी लागतो. पाटकऱ्याने दरवाजा तासाभरात सावकाश उचलला, तर तेवढ्या टप्प्यातले पाणी जणू एकदमच चढते. तोच त्याने मिनिटभरात उघडला, तर लोंढा भिंतीसारखा पुढे सरतो, खालच्या बंद फळीवर आदळतो आणि उलटा फिरतो.

विद्युत्संकेताची गत हीच. नेहमीच्या फायबरग्लास बोर्डावर तो एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे १५ सेंटिमीटर जातो. आणि चिपचे व्होल्टेज चढण्यास लागणाऱ्या काळाच्या एक-षष्ठांशाहून ट्रॅकच्या टोकापर्यंतचा हा प्रवास लांबला, की परावर्तनाची दखल घ्यावी, असा या व्यवसायातला रूढ, काहीसा ढोबळ हिशेब आहे. चढण १० नॅनोसेकंदांची असेल तर २५ सेंटिमीटरपर्यंत चिंता नाही. एकाच नॅनोसेकंदाची असेल तर मर्यादा अडीच सेंटिमीटरवर येते. क्लॉकचा आकडा लहान पाहून निर्धास्त राहणारे येथेच फसतात: जुन्या चिपच्या जागी त्याच क्रमांकाची, पण सूक्ष्मतर घडणीची चिप येते, नकाशात रेघही बदललेली नसते, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला बोर्ड मधूनच चुकू लागतो.

म्हणून सरसकट सिम्युलेशनचा हुकूम सोडणे मात्र मला उधळेपणाचे वाटते. एका चिपकडून दुसरीकडे जाणाऱ्या सरळ ट्रॅकला उगमापाशी सुमारे ३३ ओहमचा रेझिस्टर बहुधा पुरतो. ट्रॅकला फाटे फुटले, मध्ये कनेक्टर आला, किंवा ३२०० वेगाच्या डीडीआर-४ मेमरीप्रमाणे एकेका बिटाच्या वाट्याला जेमतेम पाच सेंटिमीटर लांबी येऊ लागली, म्हणजे मात्र अंदाजावर विसंबू नये. बोर्ड कारखान्यात धाडण्यापूर्वीच सिम्युलेशनची तजवीज करावी. त्यासाठी लागणारा चढणीचा काळ चिपच्या डेटाशीटमध्ये नसला, तरी उत्पादकाच्या आयबिस फाइलीत, म्हणजे चिपच्या विद्युत-वर्तनाच्या मॉडेलमध्ये, तो बहुधा सापडतो.