टेबलावरून उठल्यावर

हातात दोन एक्के, समोरच्याच्या हातात दोन राजे आणि टेबलावरचे पाच पत्ते उघडण्याआधीच दोघांच्या सगळ्या चिप्स मध्ये. पोकरमध्ये याहून चांगली वेळ क्वचितच येते. तरी असे शंभर डाव झाले तर त्यातले अठराएक राजेवाला घेऊन जातो. चूक कुणाचीच नसते. पण हरलेला चिडतो, गेलेले पैसे लगेच वसूल करायला भलत्यासलत्या पत्त्यांवर चिप्स लावत सुटतो. खेळाडूंच्या भाषेत तो ‘टिल्ट’ होतो. पोकरवर घर चालवणाऱ्याला अशा वेळी उठून जाता आलं पाहिजे. खेळायचं भांडवल, म्हणजे बँकरोल, घरखर्चात मिसळायचं नाही, हा दुसरा नियम. रोख खेळात तीसेक वेळा नव्याने बसता येईल एवढी रक्कम पाठीशी ठेवतात. स्पर्धा खेळणाऱ्याला शंभर प्रवेशफीही कमी पडतात.

हे न पाळणारा सगळ्यात गुणी माणूस म्हणजे स्टू उंगर. न्यूयॉर्कचा हा पोरगा जिन रमी इतकी जबर खेळे की त्याच्यासमोर बसायला कुणी धजेना, तेव्हा तो पोकरकडे वळला. १९८० आणि १९८१, लागोपाठ दोनदा त्याने लास वेगासच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली. १९९० मध्ये स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी तो हॉटेलच्या खोलीत अमली पदार्थांमुळे बेशुद्ध सापडला. खुर्ची रिकामी, त्याच्या ढिगातून सक्तीच्या चिप्स तेवढ्या कापल्या जात राहिल्या. ढीगच एवढा की उंगर नववा आला! १९९७ मध्ये त्याची दहा हजार डॉलरची फी बिली बॅक्स्टर या दुसऱ्या खेळाडूने भरली, उंगर तिसऱ्यांदा जिंकला, दहा लाख डॉलर दोघांत वाटले गेले. पुढच्याच वर्षी तो एका स्वस्त मोटेलात मेला, पंचेचाळिसाव्या वर्षी.

‘शापित प्रतिभावंत’ वगैरे त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला ते पटत नाही. पत्त्यांनी त्याला बुडवलं नाही. टेबलावर मिळवलेलं तो घोड्यांवर, सामन्यांच्या सट्ट्यावर आणि कोकेनवर घालवायचा.

भांडवल वेगळं ठेवण्याचा नियम आपल्याकडे आता आणखी महत्त्वाचा. २०२५ च्या कायद्याने इथे पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं. उरली ती गोव्यातल्या कसिनोंसारख्या ठिकाणची प्रत्यक्ष टेबलं. तिथे तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन चार-सहा टेबलं एकदम उघडणाऱ्याचे शेकड्यांनी व्हायचे. पत्त्यांचा जो पडता काळ तेव्हा महिन्यात सरायचा, तो आता वर्षभर रेंगाळू शकतो. तेवढ्या काळाचं घरभाडं आणि मुलांची फी आधीच बाजूला काढून ठेवावी लागते.