मधुमेह, डोळ्याचा पडदा आणि स्वस्त झालेले इंजेक्शन



आपले एक सभासद गाळप संपल्यावर विश्रांतवाडीस मुलाकडे राहावयास गेले. पंधरा वर्षांचा मधुमेह. वजनकाट्याची पावती वाचता येईना, तरी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून वर्ष काढले. पुण्यात डॉक्टरांनी थेंब घालून तपासले, तर डोळ्याच्या पडद्याला सूज! इंजेक्शनाची किंमत ऐकून ते परत निघाले. “लागणीचा खर्च डोळ्यात घालू काय?” असे त्यांचे म्हणणे. इतरांचे असे होऊ नये म्हणून हा खुलासा.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाटाला भेग पडून शेत चिबडावे, तसे होते. मध्यभागी सूज आली की अक्षरे पुसट, वाकडी दिसतात. हा पाझर रोखणारे एक औषध म्हणजे रॅनिबिझुमॅब. ते डोळ्यात बारीक सुईने देतात.

हे औषध नुसती रसायने मिसळून होत नाही. डिस्टिलरीत यीस्टकडून मळीचे अल्कोहोल करून घेतात, तसे हे टाकीत वाढवलेल्या जिवाणूंकडून करून घ्यावे लागते. दुसऱ्या कंपनीने तेच औषध आपल्या टाकीत बनवले, तर त्यास ‘बायोसिमिलर’ म्हणतात. एकाच जातीचे बेणे दुसऱ्या मळ्यातून आणावे तसे. मात्र ते मूळ औषधाशी ताडून पाहावे लागते. त्यासाठी केंद्र सरकारची २०१२ पासून नियमावली आहे. अहमदाबादच्या इन्टास कंपनीच्या ‘रॅझुमॅब’ला २०१५ साली भारतात मंजुरी मिळाली. रॅनिबिझुमॅबचे हे जगातले पहिले बायोसिमिलर. मूळ औषधापेक्षा ते स्वस्त पडते.

सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) मधुमेह असेल तर दिसत असले तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासावा.

२) खर्च झेपत नसेल तर उपचार सोडू नये. “बायोसिमिलर चालेल काय?” असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. पुण्यात ससून रुग्णालयात आणि महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चौकशी करावी.

३) एका इंजेक्शनाने भागत नाही. सुरुवातीस दरमहा घ्यावे लागते. मध्येच थांबल्यास सूज पुन्हा येऊ शकते.

४) इंजेक्शनानंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर घटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

५) साखर व रक्तदाब आटोक्यात नसेल तर इंजेक्शन एकटे काय करणार?

आपल्या त्या सभासदांनी पुढे बायोसिमिलर घेतले. सूज उतरली, पावती वाचता येते. पण घालवलेल्या वर्षातली नजर पुरती परत आली नाही. लागणीची तारीख आपण चुकवत नाही. डोळ्याच्या तपासणीचीही चुकवू नये, ही विनंती.