लीड्सचं वार्तापत्र : मुलाला शेवटचं कधी पाहिलंस?

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला कुणीतरी पहिल्याच महिन्यात बजावून ठेवतं, ‘इथे मुलावर हात उचलू नका, सोशल वर्कर दारात येतील.’ मलाही बजावलं होतं. दाराच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न मात्र तेव्हा मनात आला नाही. तो आला तो नागपूरहून आलेल्या एका मैत्रिणीमुळे. ती आता इथल्या एका काउन्सिलमध्ये याच कामाची टीम मॅनेजर आहे.

मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी इथे काउन्सिलची असते. त्यासाठी एक संचालक नेमावाच लागतो आणि निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी एकावर ही जबाबदारी नावानिशी सोपवावी लागते. २००४ च्या कायद्याने हे ठरलं, आणि त्या कायद्यामागे एक आठ वर्षांची मुलगी आहे.

व्हिक्टोरिया क्लिंबिए आयव्हरी कोस्टहून नात्यातल्या एका बाईबरोबर आली होती. शिकायला मिळेल म्हणून आईवडिलांनी विश्वासाने पाठवलं होतं. २५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये ती मरण पावली, तेव्हा अंगावर १२८ जखमा होत्या. दोन रुग्णालयं, पोलीस आणि अनेक काउन्सिलांची खाती, सगळ्यांना ती माहीत होती. लंडनमधल्याच हॅरिंगेच्या काउन्सिलने तिची फाइल बंद केली तीही त्याच दिवशी. तिची केस ज्या तरुण सोशल वर्करकडे होती, तिच्याकडे तेव्हा १९ केसेस होत्या. खात्याचा स्वतःचा नियम १२ चा. चार भेटींत मिळून तिने व्हिक्टोरियाला अर्ध्या तासाहूनही कमी वेळ पाहिलं होतं.

लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला. त्यात १०८ शिफारशी होत्या, पण मला महत्त्वाची वाटते ती त्यांची एकच भूमिका. त्यांनी बोट वर दाखवलं. त्या सोशल वर्करला १९ केसेस देणाऱ्यांना, तिच्या कामाकडे न पाहणाऱ्यांना, आणि आपल्यापर्यंत काही आलंच नाही म्हणणाऱ्या वरिष्ठांना त्यांनी जाब विचारला.

तरीही २००७ मध्ये त्याच हॅरिंगेत पीटर नावाचा १७ महिन्यांचा मुलगा असाच मरण पावला. खटला संपल्यावर देशभर संताप उसळला. मंत्री एड बॉल्स यांनी संचालक शॅरन शूस्मिथ यांना दूर केलं, आणि ते अन्यायाने झालं असं अपील कोर्टाने २०११ मध्ये ठरवलं. मधल्या काळात व्हायचं ते झालं होतं. काम करणाऱ्यांच्या मनात भीती बसली आणि भ्यालेला माणूस कागद भरतो. त्याच वर्षी प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी आपल्या अहवालात हेच मांडलं, की मुदती आणि फॉर्म पाळता पाळता मुलाबरोबर बसण्याचा वेळ संपून जातो.

मी जिथे राहते त्या लीड्समध्येही २०१० च्या सुमारास तपासणीत मुलांच्या सेवांवर ‘अपुऱ्या’ असा शेरा बसला होता. नवे संचालक नायजेल रिचर्डसन आले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तीनच गोष्टींचा ध्यास घेतला : काउन्सिलच्या ताब्यात यावं लागणाऱ्या मुलांची संख्या कमी करायची, शाळेतली हजेरी वाढवायची आणि शाळा संपल्यावर कुणाही पोराला रिकामं बसू द्यायचं नाही. मूल काढून घेण्याआधी आजी, काका, मावशी, सगळ्यांना एकत्र बसवून घरानेच मार्ग काढायचा, अशा कुटुंबसभा इथे नित्याच्या झाल्या. आपल्याकडे चार वडीलधारी माणसं ओसरीवर बसत, ते मला आठवलं. २०१५ मध्ये शेरा ‘चांगला’ झाला, त्यातही नेतृत्वाला सर्वोच्च. २०१८ मध्ये एकूण शेराच सर्वोच्च मिळाला.

हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते मैत्रिणीच्या टेबलावर कसं दिसतं? साधारण महिन्यातून एकदा प्रत्येक सोशल वर्करबरोबर तिची सुपरव्हिजनची बैठक असते. दार बंद, फोन बाजूला, दीड तास. प्रत्येक केसमध्ये तिचा पहिला प्रश्न एकच, ‘मुलाला शेवटचं कधी पाहिलंस? एकट्याने बोलणं झालं का?’ आईशी बोलून, घर नीटनेटकं पाहून परतलेली सोशल वर्कर तिथे थबकते. ‘झोपलं होतं’, असं उत्तर आलं तर उद्या पुन्हा जायचं. आणि जिला रात्री झोप येत नाही अशी पोरगी रडायला लागली, तर ते रडूही त्याच दीड तासात. ‘तिचं कुणी ऐकलं, तरच ती त्या मुलाचं ऐकू शकेल ना गं?’ मैत्रीण म्हणते.

अडचण माणसांची आहे. जागा रिकाम्या राहतात, एजन्सीची माणसं येतात आणि सहा महिन्यांत जातात, आणि मुलाला पुन्हा नव्या चेहऱ्यापुढे तेच सगळं सांगावं लागतं. इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या देखभालीखाली ८० हजारांहून अधिक मुलं आहेत. ही चणचण मैत्रिणीच्या टीमलाही आहेच. तिथे सुपरव्हिजन पुढे ढकलणं सगळ्यात सोपं असतं, कारण त्याबद्दल लगेच कुणी ओरडत नाही. ती ढकलत नाही.

परवा रविवारी ती माझ्याकडे जेवायला होती. वरणभात पानात वाढलेला, तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या घरचं आहे, काय आहे, हे तिने मला कधी सांगितलेलं नाही आणि मी विचारत नाही. ती मागच्या अंगणात गेली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. बराच वेळ ती काही बोललीच नाही, फक्त ऐकत राहिली. मी तिचं ताट झाकून ठेवलं.