ध्वजदिनाचा डबा

रायगड जिल्ह्यातल्या साजगावच्या विठोबाची कार्तिकी जत्रा आटोपते, सुक्या मासळीची दुकानं उठतात आणि थोड्याच दिवसांत शाळकरी पोरांच्या खिशांवर चिमुकले ध्वज दिसू लागतात. लाल, गडद निळा, फिका निळा: भूदल, नौदल, हवाई दल. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. शहिदांची कुटुंबं, जायबंदी जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी हा निधी जमतो. रायगडचं काम अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहतं.

देणगी ऐच्छिक, पण जिल्ह्याचा इष्टांक मात्र ठरलेला! सरकारी दानातली ही गोम जुनी आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांना माणसं हवी होती, तसा पैसाही. १९१७ मध्ये युद्धकर्ज निघालं, देशी भाषांतली भित्तिपत्रकं झळकली. गरिबांसाठी पोस्टाची सर्टिफिकिटं होती: आज ७ रुपये १२ आणे भरा, पाच वर्षांनी १० रुपये न्या. हे दान नव्हे, कर्ज. पण हाक तीच, राजनिष्ठेची. १० जून १९१८ ला मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या युद्ध परिषदेत टिळकांनी मदतीच्या जोडीला स्वराज्याचा विषय काढला. गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना अडवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. द्या, पण बोलू नका, असाच तो मामला होता.

दुसऱ्या महायुद्धात देणग्यांच्या बदल्यात ब्रिटिश हवाई दलाच्या १२२ आणि १३२ क्रमांकाच्या तुकड्यांना मुंबईचं नाव मिळालं. इकडे कर्जतच्या रानात मात्र भाई कोतवालांची भूमिगत टोळी, आझाद दस्ता, त्याच सरकारविरुद्ध विजेचे मनोरे पाडत होती. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात पडले.

दानाच्या नावाखाली सक्ती कुठवर जाते, हे हिटलरच्या जर्मनीनं दाखवलं. १९३३ पासून तिथं ‘हिवाळी मदत’ मोहीम चाले. रस्त्यारस्त्यांवर डबे खुळखुळत, देणाऱ्याला बिल्ला मिळे, पगारातून परस्पर कपात होई. भित्तिपत्रकांवर कनवाळूपणा, हात आखडणाऱ्यावर मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर. ज्यूंना या मदतीतून वगळलं गेलं.

१९६२ चं चित्र निराळं. चीननं २० ऑक्टोबरला हल्ला केला, आठवड्यावर दिवाळी होती. राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला आणि बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. इंदिरा गांधींनीही आपले दागिने दिले. महिन्याभरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि महाराष्ट्राला ही हाक घरचीच वाटली. सरकारनं सोन्याचे रोखेही काढले, पण दागिना देऊन मोकळं होणं आणि व्याजासाठी रोखा घेणं यांत फरक आहेच.

राष्ट्रीय संरक्षण निधी आजही चालू आहे. जवानांच्या मुलांना आणि विधवांना त्यातून शिष्यवृत्त्या मिळतात. ध्वजदिनाचा डबा पुढ्यात आला तर जमेल तेवढं जरूर द्यावं, आणि पावती मागायला लाजू नये.